गिऱ्हाईक निदान घेऊनच येतं तेव्हा

घणसोलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. संगणक आणि लॅपटॉप दुरुस्तीचं त्यांचं दुकान सहा वर्षांपासून चालू आहे. पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत:

"माझ्याकडे येणारी बरीच गिऱ्हाइकं ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतली. प्रत्येकाला सगळं माहीत असतं. मागच्या महिन्यात एक साहेब म्हणाले, 'बाकी काही बघू नका, फक्त फॉरमॅट करून विंडोज मारा.' सहाशे रुपयांत मारून दिली. आठ दिवसांत हार्ड डिस्क बसली. आता म्हणतात, तुम्हीच बिघडवली, मुलीचे फोटो परत द्या. वर गूगलवर एक तारा. त्यानंतर दुसऱ्या एकाशी रॅमवरून भर दुकानात माझी जुंपली. 'लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जातो' म्हणून तो लॅपटॉप उचलून गेला. एक काका टेबलाशी उभे राहून कुठला स्क्रू आधी काढायचा ते सांगतात. तपासणीचे पैसे मागितले की 'नुसतं बघायचे पैसे?' हे ठरलेलं. मी गप्प बसावं, की या लोकांना त्यांची जागा दाखवावी?"

या प्रसंगांत सर्वांत मोठं नुकसान कुठे झालं ते आधी पाहा. रॅमवरून भांडण झालं तिथे फार तर एक काम हातचं गेलं. खरा फटका पहिल्या साहेबांच्या वेळी बसला, आणि तिथे तर तुम्ही एका शब्दाने वाद घातला नव्हता. ते म्हणाले तेवढं मुकाट्याने करून दिलंत. उपाय त्यांनी ठरवला, हात तुमचे चालले आणि कागदावर काहीच नाही. म्हणून दोष तुमच्या दारात आला. त्यामुळे गप्प बसणं किंवा जागा दाखवणं, दोन्हींचा उपयोग नाही. लॅपटॉप उघडण्याआधी गिऱ्हाइकासमोर मोजमाप करायचं आणि निर्णय कुणाचा होता ते लिहून ठेवायचं, एवढं जमलं की बहुतेक वाद उभेच राहत नाहीत. त्या साहेबांच्या डिस्कबद्दल शेवटी लिहिलं आहे. तोवर ती डिस्क कुणीही चालू करू नये.

सुरुवात जॉबशीटपासून, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदापासून करा. नाव, फोन, मॉडेल, सिरियल नंबर एवढ्यावर भागत नाही. तीन वेगळे रकाने हवेत. पहिला तक्रारीचा: लॅपटॉप काय करतो, कधीपासून, किती वेळाने. दुसरा गिऱ्हाइकाच्या मताचा. तिसरा तुमच्या तपासणीचा. दुसरा रकाना बहुतेक दुकानांत नसतो आणि नेमका तोच लागतो. गिऱ्हाईक म्हणालं 'रॅम उडाली आहे', तर त्याच्यासमोर त्याच शब्दांत लिहा: 'गिऱ्हाइकाच्या मते रॅम खराब.' आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून लिहून घेतलं, की माणूस तेच पाच वेळा सांगत नाही. आणि मत वेगळ्या रकान्यात गेलं की तक्रारीच्या रकान्यात काय लिहायचं, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'मत लिहिलं साहेब. आता सांगा, नेमकं होतं काय?' मग कळतं की लॅपटॉप चालू होतो, पण वीस मिनिटांनी अचानक बंद पडतो. हे रॅमपेक्षा पंख्यात साचलेल्या धुळीचं किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टचं (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या लेपाचं) लक्षण जास्त वाटतं.

लॅपटॉप ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा. चार्जर दिला का, बॅग दिली का, बिजागरी सैल आहे का, तळाचे स्क्रू किती आहेत, हे लिहा. दहापैकी सात स्क्रू असतील तर 'दहापैकी सात, आधी उघडलेला' असं लिहून त्यावर सही घ्या. घरी यूट्यूब बघून उघडलेले लॅपटॉप हल्ली खूप येतात आणि बहुतेक जण ते सांगत नाहीत. ते लपवतात म्हणून चिडू नका, फक्त स्क्रू मोजा.

आता समोरासमोरच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर, कारण वाद इथेच मिटतो.

'लॅपटॉप स्लो आहे, रॅम वाढवा' ही मागणी रोजची. टास्क मॅनेजर उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवा. मेमरी पंचेचाळीस टक्के आणि डिस्क सतत शंभर टक्के दिसली तर अडचण रॅमची नाही हे तुम्हाला सांगावंच लागत नाही. मग पेनड्राइव्हवरून डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा, त्याची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. हार्ड डिस्कच्या तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डेटा साठवायचे कप्पे), सी५ म्हणजे धड वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. इथे एक खाच आहे. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्साडेसिमल पद्धतीत दाखवतं. शेवटी १सी दिसलं तर तो आकडा अठ्ठावीस. आयटीतल्या माणसाला हेक्स कळतं, इतरांसाठी सेटिंगमधून दशमान करून ठेवा, नाहीतर '१० म्हणजे दहाच ना' यावर नवा वाद सुरू होईल. हेक्समधला १० म्हणजे सोळा.

सी५ शून्याच्या वर असेल तर आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर, बाकी सगळं नंतर. असं गिऱ्हाईक इथे हमखास म्हणतं, 'चेक डिस्क चालवा, सेक्टर दुरुस्त होतात.' ते चालवायचं नाही, आणि का ते सांगायचं. ती आज्ञा सबंध डिस्क वाचत, लिहीत फिरते. आधीच दुबळ्या झालेल्या डिस्कवर तो भार पडला, की अजून वाचता येत होतं तेही जातं. विंडोज नव्याने टाकण्याचंही तेच. वीस-पंचवीस जीबी लिखाण एका दमात, त्यामागून अपडेट. तुमच्या साहेबांची डिस्क आठ दिवसांत बसली तो योगायोग नसावा. ती आधीपासून कुरकुरत असावी, म्हणूनच मशीन संथ झालं आणि म्हणूनच ते 'विंडोज मारा' म्हणत आले.

ब्लू स्क्रीनचा फोटो दाखवणारे असतात. त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' लिहिलेलं असतं आणि त्यांनी रॅमला दोषी ठरवलेलं असतं. तो संदेश बिघडलेल्या ड्रायव्हरमुळे किंवा डिस्कमुळेही येतो. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'कर्नल पॉवर ४१' दाखवणारेही येतात, 'एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला' म्हणत. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता थांबलं. वीज गेली, ते तापलं, ते गोठलं, कुणी बटण दाबून धरलं, सगळ्याला तीच नोंद होते. चॅटजीपीटीचं उत्तर दाखवणाऱ्यांनाही हेच लागू. उत्तर वाईट नसतं, पण त्यांनी जे लक्षण टाइप केलं तिथूनच ते सुरू होतं, आणि मशीन कुणी तपासलेलं नसतं. तिन्ही वेळा वाक्य एकच ठेवा: 'साहेब, तुमचं बरोबर असू शकतं. मोजून बघू.' हे मनापासून म्हणा, कारण बऱ्याचदा त्यांचं खरंच बरोबर निघतं. महापेतला सिस्टिम इंजिनिअर कुठल्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला ते तारखेसह सांगतो. ती माहिती तुमचा तासभर वाचवते. ती लिहून घ्या आणि त्याला तसं सांगा.

रॅमची खरी परीक्षा मेमटेस्ट८६ या सॉफ्टवेअरने होते आणि ती काउंटरवर होत नाही. ८ जीबीच्या एका काडीला पूर्ण फेऱ्या मारायला काही तास लागतात. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या पुरतात. एकही चूक दिसली तरी नापास. मग काड्या एकेक करून, स्लॉट बदलून बघायचं, म्हणजे दोष काडीत आहे की स्लॉटमध्ये ते कळतं. हे रात्रभर लावायचं काम आहे असं गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पावसाळ्यात मात्र त्याआधी संपर्क साफ करा. घणसोलीपासून वाशीपर्यंत सगळी वस्ती खाडीकाठची, जून ते सप्टेंबर हवा ओलसर, आणि काडीच्या सोनेरी पट्टीवर धूळ-ओलाव्याचा थर बसतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. खोडरबर घासायची सवय अनेकांना आहे. त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा मुलामा झिजतो. गिऱ्हाईक 'खोडरबर मारा' म्हणालं तर हे कारण सांगा, ते पटतं.

लॅपटॉप पूर्ण मेला असेल आणि गिऱ्हाईक म्हणालं, 'चार्जर, बॅटरी काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबा', तर त्याच्यासमोर दाबा. ती खरी पायरी आहे, त्याने काही मशीन खरोखर जागी होतात. नाही झालं तर गोल पिनच्या लॅपटॉपला बेंच सप्लाय (व्होल्ट आणि करंट दाखवणारा वीजपुरवठा) लावून त्याचा आकडा दाखवा. १९ व्होल्ट दिल्यावर करंट शून्यच राहिला, तर वीज आत जात नाही: जॅक, फ्यूज किंवा सुरुवातीचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे भाग). आकडा थेट मर्यादेला भिडला आणि व्होल्ट कोसळले, तर बोर्डावर शॉर्ट. टाइप-सीवाल्याला मीटर लावा. २० व्होल्ट मागणाऱ्या लॅपटॉपला मीटरवर ५ च दिसत असतील, तर चार्जर आणि बोर्ड यांची बोलणी झालेली नाहीत. आधी दुसरा चांगला चार्जर लावून बघा, मगच बोर्डाकडे वळा. चार्जरवरून आणखी एक वाद होतो: 'हाच चार्जर मित्राच्या लॅपटॉपला चालतो.' डेलच्या अनेक मॉडेलमध्ये मधल्या बारीक पिनेतून चार्जरची ओळख जाते. ती मिळाली नाही तर मशीन चालतं, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम संथ चालतो. सुरू होतानाच स्क्रीनवर तसा इशारा येतो. तोच दाखवा.

विंडोज ११ चा आग्रह धरणारे सध्या सगळ्यात जास्त. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी नावनोंदणी करून मिळणारे जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. 'माझ्या भावाने सहाव्या पिढीवर टाकलंय' हे खोटं नसतं, पळवाटा आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर कोअर २ ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. तुम्ही नाही म्हणू नका, निर्णय त्यांच्याकडे ठेवा: 'टाकून देतो, अपडेट थांबले तर पुन्हा मजुरी पडेल, इथे सही करा.' पायरेटेड विंडोज किंवा ऑफिस मागितलं तर मात्र साफ नकार द्या. त्याआधी मशीनचा परवाना तपासा. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीने विंडोज घालून विकलेल्या मशीनची किल्ली बहुधा मदरबोर्डवरच्या बायोस चिपमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर विंडोज आपोआप सक्रिय होतं. फुकटची विंडोज मागणाऱ्या कित्येकांनी ती लॅपटॉपबरोबर आधीच विकत घेतलेली असते.

'फक्त फॉरमॅट मारा' म्हटलं की हात आखडता घ्या आणि डेटा विचारा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे सांगतात. आउटलुकची फाइल, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड कुणाच्या लक्षात नसतात. टॅलीचा फोल्डर टॅली उघडून तिथल्याच मार्गावरून बघा, अंदाजाने नको. बॅकअप किती जीबी आणि किती फाइल्स ते जॉबशीटवर लिहा आणि तीन फाइल्स गिऱ्हाइकालाच उघडायला सांगा. एसएसडीवर फॉरमॅटनंतर डेटा परत मिळण्याची आशा जवळजवळ धरू नये, कारण ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा आतून पुसून टाकते. 'सॉफ्टवेअरने परत येतं' हे ज्ञान हार्ड डिस्कच्या जमान्यातलं आहे.

त्याहून महत्त्वाचं: डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते आधी बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ते दिसतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की होम आवृत्तीतही ते आपोआप चालू होतं, आणि मालकाला पत्ता नसतो. मग बायोस अपडेट केला किंवा बोर्ड बदलला, की स्क्रीन अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. ती नसेल तर डेटा गेला, कितीही हुशार कारागीर असो. काम घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या फोनवर त्याचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडायला सांगा, किल्ली तिथे असल्याची खात्री करा, तसं जॉबशीटवर लिहा. स्वतःकडे ती किल्ली उतरवून ठेवू नका.

स्वतः आणलेला पार्ट 'फक्त लावून द्या' म्हणणाऱ्यांसाठी वेगळी मजुरी ठरवा आणि ती भिंतीवर लावा. पार्टची वॉरंटी त्यांची, बसवण्याची जबाबदारी तुमची, आणि बसवण्याआधी पार्ट बाहेर जोडून तपासायचा. ऑनलाइन मागवलेलं पॅनल ३० पिनचं आणि केबल ४० पिनची, हा घोळ नेहमीचा. टच आणि जास्त रिफ्रेश रेटचे पॅनल बहुधा ४० पिनचे निघतात, हल्लीचे साधे ३० चे. काडीसारख्या एम.२ एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार दिसायला सारखे, पण लॅपटॉपचा स्लॉट एकच प्रकार घेत असेल तर दुसरा दिसतच नाही. लांबीही बघायची, ४२ मिमीच्या (२२४२) जागेत ८० मिमीची (२२८०) बसत नाही. बॅटरी लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नये, जुन्या बॅटरीवरचा कोड वाचून मागवावी. ७.६ व्होल्टच्या जागी ११.४ ची चालत नाही. कुणी थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल आणलं तर नकार द्या. ते वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमचा हीटसिंक खातं. इथे सही घेऊनही काम करू नये.

लॅमिंग्टन रोडचं म्हणाल, तर त्या नावाने कपाळावर आठ्या नकोत. तिथे काही पार्ट स्वस्त मिळतात हे खरं आहे. तपासणीचा कागद हातात द्या, पार्टचा कोड, पिना, व्होल्ट लिहून द्या आणि म्हणा, 'तिथून आणा, मी बसवून देतो.' घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला पश्चिमेची गाडी पकडून ग्रँट रोड, आणि पार्ट चुकला तर पुन्हा तीच वारी. हा हिशेब गिऱ्हाईक स्वतः करतं, तुम्ही करून दाखवायची गरज नाही.

'नुसतं बघायचे पैसे?' यावरचं उत्तरही त्याच कागदात आहे. तोंडी निदानाला पैसे द्यायला माणूस कुरकुरतो, लेखी अहवालाला कमी. लॅपटॉपला तीनशे रुपये तपासणी, दुरुस्ती इथे केली तर बिलातून वजा, असा फलक लावा. अहवालात काय मोजलं, किती आलं आणि एक फोटो एवढं असू द्या. अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवा आणि 'मंजूर' असं उत्तर आल्याशिवाय पार्टला हात लावू नका. खर्च वाढणार असेल तर थांबून पुन्हा विचारा. बदललेला जुना पार्ट न मागता परत द्या. यातल्या बऱ्याच लोकांच्या अंगात तो ताठा कुठून येतो, तर कधीतरी कुठेतरी चांगला पार्ट काढून घेतल्याच्या अनुभवातून किंवा ऐकीव भीतीतून. जुनी रॅम त्याच्या हातात ठेवलीत की ती भीती उतरते.

टेबलाशी उभे राहणाऱ्या काकांना बाहेर काढण्याआधी थोडं आत घ्या. झाकण त्यांच्यासमोर उघडा, धूळ, फुगलेली बॅटरी, गंज जे असेल ते दाखवा, फोटो काढा. मग सांगा, 'काका, आता इथून पुढे बोलत काम केलं तर माझा हात चुकेल. फोटो पाठवतो.' हे निमित्त नाही. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला की बोर्डात घुसतो आणि आतल्या तारा तोडतो. बॅटरीचा कनेक्टर काढायचा राहून डिस्प्लेची केबल ओढली, तर बॅकलाइटचा चढा व्होल्टेज शेजारच्या बारीक पिनेवर जाऊन बोर्ड मरू शकतो. दोन्ही चुका गप्पांच्या भरात होतात. काउंटर आणि बेंच यांच्यामध्ये अर्ध्या उंचीचं काचेचं पार्टिशन टाकलंत तर रोजचं सांगणं वाचेल.

ऐरोली-महापेचं गिऱ्हाईक असल्यामुळे आणखी एक सावधगिरी हवी. लॅपटॉपवर कंपनीचा ॲसेट टॅग (मालकीची पट्टी) असेल तर तो त्या माणसाचा नाही. तो कितीही ठामपणे म्हणाला 'मी स्वतः आयटीत आहे, ॲडमिन पासवर्ड काढून टाका', तरी कंपनीच्या ईमेलवरून परवानगी आल्याशिवाय उघडू नका.

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली की भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. कलम १५१ प्रमाणे सामान्य समंजस माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल, तेवढी काळजी तिची घ्यावी लागते. कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून काम झाल्यावर 'एवढेच देतो' म्हणणाऱ्याला लॅपटॉप लगेच द्यायची सक्ती नाही. पण तो विकायचा हक्क नाही, पावतीवर 'तीस दिवसांनंतर जबाबदारी नाही' छापलं असलं तरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गिऱ्हाइकाची खासगी माहिती उघड करणंही त्यातच येतं. फॉरमॅटला आलेल्या मशीनमधले फोटो कारागिराने चाळणं तर कधीच होता कामा नये. दुकानातल्या पोरांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

गूगलवरच्या एका ताऱ्याला दोन ओळींत उत्तर द्या, त्यात बाजू मांडायची नाही: 'आपली तक्रार वाचली. डिस्क तपासून देण्यासाठी आम्ही आपल्याशी संपर्क साधत आहोत.' त्यांचं नाव, मॉडेल, फोटोंचा उल्लेख, काहीही नको. नवं गिऱ्हाईक तारे बघतं तसं दुकानदाराचं उत्तरही वाचतं.

आणि आता ते साहेब. त्यांनी 'बाकी काही बघू नका' म्हटलं हे खरं, पण डिस्क न तपासता फॉरमॅट मारणं ही चूक तुमची आहे. पाच मिनिटांचं काम होतं. सहाशे रुपये परत करा आणि तसं बोलून करा. आज संध्याकाळीच फोन करा आणि पहिलं वाक्य हेच असू द्या, की लॅपटॉप चालू करून बघू नका. डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा बायोसमध्ये दिसतच नसेल, तर दुकानात उघडू नका. ते धूळमुक्त खोली (क्लीन रूम) असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचं काम आहे, आणि तिथला खर्च आधी विचारून त्यांना सांगा. दिसत असेल तर ती दुसऱ्या मशीनला जोडून डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. आधी सहज वाचता येणारा भाग, मग अडलेला, आणि लॉग फाइल ठेवा म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे जाता येईल. शोधाशोध त्या प्रतिमेवर करायची, मूळ डिस्कवर नाही. विंडोजने नव्याने लिहिलेल्या जागेतलं काही येणार नाही, उरलेल्या जागेतले फोटो मिळू शकतात. सगळे मिळतील असं वचन देऊ नका. मुलीचे फोटो व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवले होते का, गूगल फोटोजमध्ये गेले आहेत का, जुना फोन घरात पडून आहे का, हे त्याच फोनवर विचारा. प्रत त्यातल्या एखाद्या ठिकाणी निघू शकते.